सोमवारी मी होडीवर

शनिवार, बॉबलिंगेन, दादाकडे

तळहात अजून जळतोय. बोडेनझे सरोवरावर वारा वाढला आणि मी शिडाचा दोर घट्ट धरून बसलो. सह्याद्रीत कड्यावर तेच शिकलो ना, काहीही होवो, दोर सोडायचा नाही. होडी कलंडायला लागली. होडीची मालकीण, म्हातारी उटे, ओरडली तेव्हा सोडला, शिडातला वारा निसटला आणि होडी सरळ झाली. तरी नंतर तीच म्हणाली, "सोमवारपासून उन्हाळाभर येतोस कामाला?"

सोमवारीच दादाच्या कंपनीत माझी मुलाखत.

जेवताना उटेचं विचारणं सांगितलं, तर दादा म्हणाला, "कॉलेज अर्धवट सोडलंस, आता होड्या ओढणार?"

"अहो, आधी हात बघा त्याचा," वहिनी म्हणाली.

"तेच बघतोय. एका दिवसात ही दशा."

हात लपवला नाही. का लपवू? दुसऱ्यांदा वारा आला तेव्हा दोर वेळेवर सोडला, ते दादाने कुठे पाहिलंय?

उटेला हो कळवलंय. चिठ्ठी ठेवून पळणार नाही. उद्या चहाच्या वेळी दादाच्या समोर बसून सांगेन.