दारामागचं बटण

प्रिय थोरले,

रविवारी तू गाडी घेऊन भोपळ्याला न्यायला येणार म्हणालीस, त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून कुरियरने पाठवतोय. फोन असताना म्हाताऱ्याला पत्राची हुक्की का आली, असं तुला वाटेल. पण माझ्या कानांमुळे फोन स्पीकरवर ठेवावा लागतो, आणि स्पीकरवर बोललेलं सगळ्या घराचं होतं. काही गोष्टी घराला ऐकवायच्या नसतात. अक्षर समजून घे. सोफ्यांच्या पोटातून निघालेले जुने पेपर वाचत वाचत मी लिहायला शिकलो, त्यामुळे माझं अक्षर थोडं चुरगळलेलंच आहे.

आधी तुझ्या लाडक्याची खबर. भोपळ्या आता उठून बसतो, जेवतो, पाणी पितो, आणि पाय वर करायचा कंटाळा आला की सरळ माझ्या दुकानातल्या काथ्याच्या ढिगावर कार्यक्रम उरकतो. साखर निघाल्यापासून त्याच्या नावाला काही अर्थ उरलेला नाही. पार दोडका झालाय. डोळ्यांत सायीसारखं काहीतरी धरलंय, त्यामुळे परवा वकीलबाईंच्या नव्या खुर्चीला तो माणूस समजला आणि बराच वेळ शेपटी हलवत उभा राहिला. तुझी आई म्हणाली, त्या खुर्चीपेक्षा वकीलबाईंनी तरी कधी जास्त ओळख दाखवलीय. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, हे दुखणं जाणारं नाही, सांभाळायचं आहे. सकाळी जेवण झालं की एक इंजेक्शन, संध्याकाळी जेवण झालं की एक, जन्मभर.

ते चुकू नये म्हणून मी काय केलं होतं तुला ठाऊक आहे. स्वयंपाकघराच्या दारामागे कापडाचे दोन खिसे शिवले आणि त्यात सोफ्याच्या पाठीला लावतात तसं मढवलेलं मोठं लाल बटण ठेवलं. सकाळचं इंजेक्शन दिलं की बटण डावीकडून उजव्या खिशात, संध्याकाळचं दिलं की परत डावीकडे. ज्याने दिलं त्याने हलवायचं. तुझी आई सुरुवातीला हसली, म्हणाली, चाळीस वर्षं संसार केला तो बटणावर आला. पण ती पद्धत छान चालली. अबोल्यातही चालली, हे महत्त्वाचं. आमचा अबोला तुला माहीत आहे. मी दोन दिवसांत पाघळतो, ती आठवडा काढते. तेवढ्या दिवसांत आमच्यात जे काही बोलणं व्हायचं ते त्या बटणानेच.

आणि अबोला झाला तो तुझ्या विम्यावरून. तुझ्यावर ठपका नाही ठेवत. तू म्हणालीस, बाबा, हल्ली कुत्र्यांचाही विमा निघतो, विचारून तर बघा. म्हणून आपल्या टेम्पोचा विमा करणारा तो टायवाला घरी बोलावला. भोपळ्याने त्याचे मोजे हुंगले, त्याने भोपळ्याचे डोळे बघितले आणि फाईल उघडायच्या आधीच मान हलवली. आधीपासूनचं दुखणं कंपनी धरत नाही म्हणाला. साखर नाही, आणि साखरेमुळे पुढे जे जे होईल, डोळे म्हणा, काही म्हणा, तेही नाही. अपघात झाला, काही भलतंसलतं गिळलं, तर त्याचं मिळेल. थोडक्यात, तहान लागल्यावर विहीर खणायला निघालात असं त्याने गोड शब्दांत सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, काका, एक करता येईल. कुत्रं दुसऱ्या डॉक्टरकडे न्या, जुनं काही सांगू नका, पॉलिसी सुरू होऊन ठरलेली मुदत जाऊ द्या, मग साखर नव्याने निघाली असं दाखवू.

खरं सांगायचं तर मला ते पटायला लागलं होतं. मला पुढचं दिसत होतं. एका घरात किती दुखणी पेलायची याचा हिशेब माणूस मनात करतोच. पण तुझी आई चहाचा कप त्याच्यापुढे आदळून म्हणाली, म्हणजे तोवर ह्याने आजारी नसल्याचं नाटक करायचं? मग त्यालाच सांगा, बाबा रे, मुदत संपेपर्यंत पाणी जरा कमी पी. टायवाला हसला, ती हसली नाही. तो गेल्यावर मला म्हणाली, दुखणं लपवलं की ते बाहेर दिसत नाही एवढंच, आत ते फुकट वाढतं. मी म्हणालो, तुला व्यवहार कळत नाही. ती म्हणाली, तुम्हाला तेवढाच कळतो. झालं. तोंडं दोन दिशांना.

त्या दिवसांत ती जरा जास्तच गप्प होती. मला वाटलं, राग. एकदा भाजीवाला तिला घरापर्यंत सोडायला आला. पिशवी जड होती म्हणून, असं तिने मोठ्याने भोपळ्याला सांगितलं. पिशवीत एक कोबी होता. एकदा माझी मोठी कात्री फ्रिजमध्ये सापडली, इंजेक्शनच्या बाटलीशेजारी. अबोला असल्यामुळे मी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. अबोल्याची एक सोय असते बघ, ज्याचं उत्तर नको असतं तो प्रश्न विचारावा लागत नाही.

तर त्या सकाळचं. वकीलबाईंचा सोफा त्याच दिवशी पोचवायचा होता, म्हणून मी उजाडता उजाडता दुकानात गेलो. भोपळ्या तेव्हा उंबऱ्याशी घोरत होता. वापरलेल्या सुया टाकायचा डबा आदल्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे रिकामा करून आणला होता, तो तसाच रिकामा जाता जाता ओट्यावर ठेवला. सोफा टेम्पोत चढवला आणि चहाला घरी आलो. दारातून बघतो तर भोपळ्या भिंतीला धरून चालल्यासारखा चालतोय. मागचे पाय एकीकडे, पुढचे दुसरीकडे. आपटला. उठला. पुन्हा आपटला आणि त्याचं अंग थाडथाड उडायला लागलं. तुझी आई त्याच्याजवळ खाली बसली आणि इतक्या दिवसांत माझ्याशी पहिलं वाक्य बोलली. म्हणाली, अहो, तुम्हीपण दिलंत का हो?

मी दारामागे बघितलं. बटण डावीकडे होतं. म्हणजे सकाळचं दिलेलंच नाही, असं ते सांगत होतं. मी डब्यात बघितलं. मग म्हणालो, हो, दिलं, जाताना दिलं.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, साखरेचं दाट पाणी हिरड्यांना चोळा, दातांच्या आत बोट घालू नका, आणि तसेच घेऊन या. घाईत माझ्याकडून साखरेचा डबा सांडला. तुझी आई मात्र एकदम शांत झाली. ओठ बाजूला करून बोटाने चोळत राहिली, त्याच्याशी बोलत राहिली, चल रे माझ्या गुंड्या, चल रे राजा. तू तापाने फणफणली होतीस तेव्हा बोलायची तशी. टेम्पोत मागे सोफा होताच. त्यावर ती बसली, मांडीवर भोपळ्या, आणि मी पुढे. सिग्नलला लोक बघत होते, उघड्या टेम्पोत सोफ्यावर ऐटीत बसलेली बाई आणि तिच्या मांडीवर कुत्रं. मी आरशात फक्त त्याचं पोट हलतंय का ते बघत होतो. मधेच तिने पाठीमागची काच ठोकली. मला वाटलं, संपलं. टेम्पो कडेला घेतला तर म्हणाली, काही नाही हो, त्याने माझं बोट चाटलं, तेवढं सांगायला.

दवाखान्यात सलाईन लावलं, अंग पुसलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई मला खूप बोलल्या. घरात दोन शहाणी माणसं, एक बटण, आणि तरी इंजेक्शन दोनदा जातं? मी मान खाली घालून ऐकून घेतलं. फोनवर तूही बोललीस. तुमचे रुसवे त्या मुक्या जनावराच्या जिवावर उठले, आता तुम्हा दोघांच्याने होत नाही, मी घेऊन जाते. तुझं चुकलं नाही. तुला जे सांगितलं होतं त्यावर तू बरोबरच बोललीस. वकीलबाईंचं म्हणशील, तर सोफ्यावर केस दिसले तेव्हा त्यांनी भुवया उंचावल्या. मी म्हणालो, तुमच्या सोफ्यावर एक जीव वाचला. त्या म्हणाल्या, बरं, पण ब्रश करून द्या.

विम्याचंही ठरलं. टायवाल्याला पुन्हा बोलावलं आणि साखर, डोळे, ती सकाळ, सगळं जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. साखरेचा पैसा मिळणार नाही, तो आपण आपल्या खिशातून करू. बाकी कशाला उपयोग झाला तर झाला. सही तुझ्या आईने केली. तिच्या हाताकडे मी बघत होतो, आणि मनात स्वतःलाच म्हणत होतो, बाबा रे, कुत्र्याचं तेवढं खरं लिहिलंस.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते लिहितो. मी त्या सकाळी इंजेक्शन दिलं नव्हतं, पोरी. मी निघालो तेव्हा भोपळ्या जेवलादेखील नव्हता. डब्यात दोन सुया होत्या आणि दोन्ही तिच्याच. एकदा दिलं, बटण उजवीकडे नेलं. मग विसरली, पुन्हा दिलं आणि हाताच्या सवयीने बटण परत डावीकडे आणलं. मी त्या बटणावर विसंबलो असतो तर तिसरं दिलं असतं. हे बरेच महिने चाललंय. कोबीची पिशवी जड नव्हती, तिला आपली गल्ली सापडली नव्हती. टायवाल्याचं मला का पटत होतं ते आता तुला कळेल. मीसुद्धा तेच करत होतो, डॉक्टरच्या कागदावर येत नाही तोवर दुखणं नाही, असं धरून. तू ये. पण भोपळ्याला न्यायला नको, आईला डॉक्टरकडे न्यायला ये. ती त्याला फिरवायला नेते तेव्हा तो तिला घरी घेऊन येतो. त्याला दिसत नाही, तिला आठवत नाही, तरी दोघं बिनचूक उंबऱ्याशी येतात. त्याला नेलंस तर तिला कोण आणेल? इंजेक्शनची बाटली आता माझ्या ताब्यात आहे. ती त्याची मान चिमटीत धरते, मी टोचतो, आणि बटण दोघं मिळून हलवतो. एक लक्षात ठेव, तिच्यासमोर दुसरी सुई माझीच. त्यावरून मला हवं तेवढं बोल, मी ऐकून घेईन. आत्ताच ती डोकावून गेली, काय एवढं लिहिताय म्हणाली. मी म्हणालो, थोरलीला, विम्याबद्दल. तर म्हणाली, दुखणं खरं खरं लिहा हं, लपवू नका. मी म्हणालो, तेच लिहितोय.

तुझी वाट बघणारा,
तुझाच,
बाबा