सुनंदासाठी रुमाल

मंगळवार, १४ जून १९९४
केदारखेडा

शेवटी सुनंदाचंच नाव आलं, अन् उद्याच निघायचं. अपंगांना कामधंदा शिकवणाऱ्यांसाठी हैद्राबादला सहा महिन्यांचं ट्रेनिंग, सगळा खर्चा सरकारी अनुदानातून. भोकरदनच्या आमच्या केंद्रातून एकालाच जाता येतं. शिवणकाम मी किती वर्षांपासून शिकवून राह्यलो, अन् ती आत्ता कुठं लागली.

केंद्राच्या मोठ्या सरांनी मला बाजूला घेतलं. "कुबड्या घेऊन एवढा प्रवास तुम्हाला झेपणार न्हाई. तुमच्याच भल्यासाठी म्हणतो." मी म्हणालो, "बराबर आहे सर." का म्हणालो?

रोज संध्याकाळी घरी येताना गर्दीतून गाडीत आधी मीच चढतो. सुनंदा मागं राहते. मी रुमाल टाकून तिची जागा धरतो. सरांना हे माहीत न्हाई, पण तिला तर आहे. मंग ती का बोलली न्हाई?

कोणत्या अपंगाला कोणतं काम झेपतं, ते ती तिथं शिकेल. आल्यावर मलाच सांगेल.

आज उतरताना म्हणाली, "दादा, हैद्राबादला जालन्यावरून जायचं आहे. सकाळी जालन्याच्या गाडीत माझ्यासाठी रुमाल टाकाल का? सामान लई आहे." टाकतो म्हणालो.

रुमाल धुऊन दोरीवर घातलाय. उद्या तो खिडकीजवळ टाकायचा, ती आली की उचलायचा. न उचलता मीच तिथं बसून राह्यलो, अन् गाडी सुटली तर? एवढा प्रवास मला झेपतो का, ते तरी कळेल.