खालच्या थराचा दगड

बदलापूर गाव,
४ मार्च १९९३

ती. दादास,

नमस्कार. तुझी दोन्ही पत्रं पोचली. माईचे गुडघे तसेच आहेत, पण ती कुरकुरत नाही. उमावहिनींना लोणचं पाठवलंय; बरणी बडोद्यापर्यंत धड पोचली म्हणजे मिळवली.

कॉलेजात परीक्षा चालू आहेत. अलीकडे फार थकते मी. पेपर तपासायला घेते आणि तशीच बसून राहते. माझी पत्रं इतकी त्रोटक का, असं तू विचारलंस. सांगते.

दिवाळीनंतर मुलांना घेऊन मोरिवलीपुढच्या, तुझ्या प्रबंधातल्या त्या खाणीवर गेले होते. लाव्ह्याचे दोन थर आणि मधली शिंपल्यांची पट्टी दाखवली. शिंपल्यांचं वय थेट मोजता येत नाही. खालचा थर त्यांच्याहून जुना, वरचा नवा, म्हणून त्या दोघांचं मोजायचं. दगडातल्या पोटॅशियमचा हळूहळू आरगॉन वायू होतो आणि आत साठतो. जितका जास्त, तितका दगड जुना. पण हवापाण्याने कुजलेला दगड घ्यायचा नाही. त्यातला वायू निसटतो आणि दगड आहे त्याहून तरुण दिसतो.

सुरुंग लावणारा किसन अजून तिथेच आहे. त्याने तुझी चौकशी केली. मग सहज म्हणाला, “ताई, त्या खेपेला तुम्ही खाली उतरलाच नव्हता ना? वाटेवरचाच धोंडा फोडला होता.”

दादा, तो म्हणाला ते खरं आहे.

८४चा मे होता. तू वरचे नमुने काढत होतास आणि खालचा दगड आणायला मला पाठवलंस. आदल्या दिवशी माईने सांगितलं होतं, बी. एस्सी. पुरे, आता स्थळं बघायची. तू मान खाली घालून जेवत राहिलास. उन्हात उतरताना वाटलं, याचे दगड मी का वाहायचे? वाटेवर एक तांबूस, भुसभुशीत धोंडा होता. त्याची कपची काढली, वरची साल खरवडली आणि पिशवीवर लिहिलं: खालचा थर, ताजा खडक.

खालचा थर वरच्याहून तरुण निघाला. परीक्षकांनी नमुन्याबद्दल विचारलं तेव्हा तू म्हणालास, “बहिणीने आणलाय. तिच्यावर माझा विश्वास आहे.” प्रबंध परत आला. तू रंगाच्या कारखान्यात लागलास, आणि जाताना माईला बजावलंस की कुमुदला एम. एस्सी. करू दे.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. आधी भीती वाटली, मग नोकरी लागली, मग तू सगळ्यांना ‘आमची प्राध्यापिका’ म्हणून सांगायला लागलास. नऊ वर्षं अशी गेली.

किसन तसं बोलला त्याच आठवड्यात एकटी परत गेले. किसनने दोर धरला, मी खाली उतरले आणि आतला काळा, घट्ट दगड काढून प्रयोगशाळेला पाठवला. परवा अहवाल आला. खालचा थर जुनाच आहे. तुझी मांडणी बरोबर होती.

विद्यापीठाला सगळं लिहिलंय, माझ्या सहीनिशी. माईला वाचून दाखवलं. तिने कागद घडी करून पाकिटात घातला. मग म्हणाली, “आधी त्याला कळव. जगाला नंतर.” म्हणून ते पाकीट अजून घरात आहे. सोमवारी टाकेन. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. मला उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल, पण माईला लिहीत राहा.

जिच्यावर तू विश्वास ठेवलास ती,
कुमुदिनी