इंदलचा नवस

दिनेशच्या आईस, जम्मूहून दलसिंगचा राम राम.

पलटणीत पोरगा भेटला. हातपाय धड आहेत, जेवतोही. फक्त ताटली पडली तरी दचकतो. रिना पोरी, ही ओळ आईला वाचून दाखवू नको.

लढाई थांबली, पण कोण जिंकलं ते कुणालाच सांगता येत नाही. तोफा आहेत तिथंच आहेत, म्हणून त्याला रजा नाही.

लढाई संपली की इंदल देवाची पूजा करू, असा तू नवस बोललीस. नुसती थांबली तर नवस फेडायचा का, ते गावच्या पुजाराला विचार. तोवर पूजेत रोवायची कळंबाची फांदी तोडू देऊ नको. चुकलं तर देव पोरावर राग काढेल.

तुझा गुडघा कसा आहे?

इंदलचा नवस आता फेडायचा का, ते दिनेशलाही मी विचारलं. तो म्हणाला, "बा, समोरचे तरी कुठं घरी गेलेत?"

तू जेवत जा.

दलसिंग