मधल्या खोलीतला सोनेरी

२ नोव्हेंबर

आलो एकदाचे. घर आपलं, किल्ली आपली, खिडकीतून पडणारं ऊनसुद्धा आपलंच, असं मी हिला ऐटीत म्हणालो. ही म्हणाली, उन्हाचं खरेदीखत दाखवा आधी. तेहतीस वर्षं संसार झाला, पण या बाईला बोलण्यात एकदाही हरवता आलं नाही.

तीन खोल्या, मागे अंगण, गल्लीच्या तोंडाशी एका शिंप्याचं दुकान. भिंतींना नुसता पांढरा चुना. सामान उतरवायच्या आधी मी सगळ्या भिंती बोटाने ठोकून पाहिल्या. गिलावा पोकळ असेल तर मडक्यासारखा बोलतो, आणि माझा कान त्या बाबतीत पक्का आहे. इथे सगळं भरीव. बांधणाऱ्याला मनातल्या मनात रामराम केला.

चौदाव्या वर्षी दुसऱ्याच्या शिडीखाली बादली धरून उभा राहिलो, शेवटी माझ्या हाताखाली अकरा रंगारी होते. पण भाड्याच्या खोलीत मालक खिळाही ठोकू देत नसे, त्यामुळे हिने जन्मभर लोकांच्याच भिंती पाहिल्या. आता मधली खोली सोनेरी करणार. ही सहा महिन्यांच्या दुखण्यातून नुकती उठली आहे, सारखी थंडी वाजते. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, उन्हात बसवा. मी म्हटलं, ऊन मी भिंतीलाच लावून देतो.

५ नोव्हेंबर

तेलाचा रंग मीच कालवला. दुकानातला तयार सोनेरी म्हणजे मिठाईच्या डब्यावरचा कागद. मी पिवळ्यात चिमूटभर काव, म्हणजे तांबडी माती, घातली, पांढरा थेंबाथेंबाने सोडला. दुपार कलताना ज्वारीच्या शेतावर असतो तसा उतरला. हिला आधी फिकट निळा हवा होता. मी म्हणालो, निळा थंड, तुला सोसायचा नाही. ही म्हणाली, बरं.

शिंपी डबे बघायला म्हणून आला आणि चहा पिऊन गेला. जाता जाता म्हणाला, या घरात आजवर जो आला त्याने चुनाच दिला. एका म्हाताऱ्या बाईने घर सोडताना त्याला बजावलं होतं म्हणे, पुढच्या माणसाला सांग, तेलाचा रंग लावू नको. का, ते तिने सांगितलं नाही आणि याने विचारलं नाही. मी म्हणालो, शहाण्या, झंपर शिवायला आली असती तर सतरा प्रश्न विचारले असतेस. तोही हसला.

८ नोव्हेंबर

पहिला हात दिला. टर्पेंटाइनमुळे माझ्या हातांची चामडी झाली आहे, त्यांना ओलं-सुकं कळत नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ही जेवणाचा डबा घेऊन कामावर आली होती, तेव्हा तिला हाताची पाठ भिंतीला लावून बघायला सांगितलं होतं. तळव्याचा डाग पडतो, पाठीचा पडत नाही. तेव्हापासून मोठ्या कामावर तीच माझी परीक्षक. तिने सुकला म्हटल्याशिवाय पुढचा हात द्यायचा नाही, हे माझ्या अकराही माणसांना ठाऊक होतं. पाठीमागे ते तिला मोठे साहेब म्हणायचे.

आजही तिने खुर्ची ओढून भिंतीशी हात लावला. नेहमीपेक्षा जास्त वेळ. म्हणाली, सुकला, आणि कोमट लागतोय हो. मी म्हटलं, ऊन आलंय. मग पाहिलं, ऊन समोरच्या भिंतीवर होतं.

११ नोव्हेंबर

दुसरा हात. खोली अशी उजळली की दिवा लावायला मन होईना. फक्त आतल्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, ताटलीएवढा एक करडा डाग वर येतोय. ओल नाही, ठोकून पाहिलं. तेवढ्यावर पुन्हा रंग दिला. हिने हात लावून पाहिला. संध्याकाळी स्वेटरवर शाल घेतली.

१५ नोव्हेंबर

डाग पुन्हा वर आला. माझ्या चव्वेचाळीस वर्षांच्या कामात असा हट्टी डाग पाहिला नाही. आता इरेला पेटलोय. तिसरा, चौथा हात. दर वेळी हिची परीक्षा.

आज पोरगी येऊन गेली. रंगाच्या डब्यांत वाढलेली, आत आली तीच हाताची पाठ भिंतीला लावून उभी राहिली. म्हणाली, बाबा, भिंतीला ताप आलाय का? आम्ही तिघं पोट धरून हसलो. चहा होईपर्यंत तिची बोटं निळी पडली. जाईपर्यंत आईच्या शालीत गुरफटून बसली होती. रात्री तिचा फोन आला, घरी पोचल्यावर बरं वाटलं म्हणाली.

२० नोव्हेंबर

पहाटे, ऊन यायच्या आत, भिंतीला पाठ टेकली. शर्टातून ऊब लागली. ठोकून पाहिलं. पोकळही नाही, भरीवही नाही. तोंडात घास असताना माणसाने हुंकार द्यावा, तसा आवाज.

हिचा हात हातात घेतला. माझ्या चामड्यालासुद्धा गार लागला. ती म्हणाली, तुमची भिंत बरी, तिला डॉक्टर लागत नाही. हसली. मला हसू आलं नाही.

२३ नोव्हेंबर

डॉक्टरांनी दोनदा तापमापी बदलली. म्हणाले, यंत्रात काहीतरी बिघाड असेल, अंग एवढं गार पडलेलं माणूस बोलत नसतं. ही त्यांना म्हणाली, मी बोलते, मला कोणी थांबवू शकलेलं नाही.

मी आज बसून उजळणी केली. पहिला हात, तिने हात लावला, संध्याकाळी स्वेटर. दुसरा, शाल. तिसरा, चौथा, पाचवा. मीच खुर्ची सरकवून द्यायचो. मीच म्हणायचो, जरा वेळ ठेव, नीट कळू दे.

मीच.

२४ नोव्हेंबर

टॅक्सी करून हिला पोरीकडे आणलं. शेगडी, तीन गोधड्या, गरम पाण्याच्या पिशव्या. घरापासून जसजसे लांब आलो तसतशी ती जास्त गार. ओठ हलले, मी कान नेला. म्हणाली, मला घरी न्या हो, मी तिकडेच राहिलेय.

पोरगी रडते आहे. तिला काय सांगू?

२६ नोव्हेंबर

परत आणलं. भिंतीशी खुर्ची ठेवली. तिने गाल टेकला आणि कपाळावरच्या आठ्या गेल्या. आजारी पडल्यापासून असा चेहरा पाहिला नव्हता.

भिंतीला कान लावला. आत ठोके. भरभर, तरुण बाईचे.

हिच्या छातीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. एक. मग दुसरा, फार उशिरा.

२८ नोव्हेंबर

दुपारी तीन वाजता गेली. खुर्चीतच.

मी शेजारी होतो. पेला विसळायला उठलो, एवढाच वेळ.

१ डिसेंबर

सगळं उरकून पोरीकडे होतो. कपडे आणायच्या निमित्ताने एकटा आलो. दार उघडलं तर खोली उबदार. तीन दिवस बंद असलेलं घर.

ठोके चालू आहेत.

मी तिथेच जमिनीवर बसलो. पाठ टेकून. रडलो असेन.

२ डिसेंबर

बोलते. शब्द गिलाव्यातून गाळून येतात, पण माझे कान—

आधी चहा घेतला का विचारलं. मग म्हणाली, निळा हवा होता हो मला. रागावून नाही. सहज. आयुष्यभर मी भिंतींचं ऐकत आलो आणि हिने एकदा रंग मागितला तर—

मी म्हणालो, आता निळा देतो. ती म्हणाली, आता कशाला.

पोरीचा फोन. उद्या सकाळच्या गाडीने येते, म्हणाली, महिनाभर राहीन, आईच्या खोलीत झोपेन. नको म्हणालो. तुम्ही एकटे काय करणार, म्हणाली. चारदा नको म्हणालो. आईवर गेली आहे. ऐकायची नाही. तिच्याकडे किल्लीही आहे.

ती आत येईल आणि पहिला हात भिंतीला लावेल.

३ डिसेंबर, पहाट

कुलूप बदललं तरी आज नाही तर उद्या येईल. सांगून टाकलं तर? आई या भिंतीत आहे, ऊब तिची आहे, असं सांगितलं तर पोरगी हात काढेल? मी काढला का?

भिंत राहिली तर पोरगी जाईल.

भिंत खरवडली तर—

सहा वाजता

लोखंडी पट्टी काढली. दाराकडच्या कोपऱ्यापासून सुरू केलं. सोनेरी पापुद्रे पडतात, पडेपर्यंत कोमट, फरशीवर आले की गार. आवाज येतो. किंचाळी नाही. सुई टोचली की ती दातांतून श्वास ओढायची, तसा.

मी सॉरी म्हणत खरवडतोय. ती म्हणते, पुढे चला.

आठ

तीन भिंती पांढऱ्या. ठोके मंद. आता माझे मला जोरात ऐकू येतात.

साडेआठ

आतली भिंत झाली. फक्त डागाची जागा राहिली. ताटलीएवढी. सगळी ऊब तिथे गोळा झाली आहे, जवळ नेलं की तोंडावर श्वास येतो.

तिचाच. जेवणानंतर चघळायची त्या लवंगेचा वास.

एवढंच राहू द्यावं का? कपाट सरकवून झाकलं तर? एवढंच, ताटलीएवढं. कोणाला कळणार—

पावणेनऊ

गल्लीत रिक्षा थांबली. शिंप्याशी बोलते आहे. बॅगेची चाकं.

लिहितोय, कारण पट्टी उचलवत नाही.

पायरी वाजली. एक. दोन.

ती आतून म्हणते, पोर दारात आली, बघत काय बसलात, खरवडा. मी म्हटलं, मग तू कुठे जाशील? ती म्हणते, ते तुम्हाला कशाला हवं, चला, आवरा.

किल्ली फिरते आहे.

खरवडा, म्हणते. अहो, खरवडा ना. नाव घेतलं माझं. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा ना—

पट्टी उचलली, डागाला लावली. गरम आहे गं. किती गरम आहेस तू. मी