गुलालाची गाडी थांबली नाही

बाबा, गुलालाची गाडी आपल्या पक्षाच्या ऑफिससमोर न थांबता पुढे गेली, त्याच क्षणी सगळं बदललं. लाखांदुरात कोणीही जिंको, मिरवणूक आपल्या दारी थांबायची आणि तुम्ही पायरी उतरून जिंकणाऱ्याला टिळा लावायचे. तुम्ही गेल्यावर तो मान माझा, म्हणून मी ताट घेऊन उभा होतो. युतीतल्या मोठ्या पक्षाचा निवडून आलेला माणूस, म्हणजे माझा जिच्यावर जीव आहे तिचे बाबा, त्यांनी मला पाहिलं आणि ड्रायव्हरला हातानेच पुढे चल म्हटलं. तिच्यासाठीच मी भंडाऱ्याचं कॉलेज अर्ध्यात सोडून आलो, लोकांना वाटतं राजकारणापायी.

वर मुंबईत दोन्ही पक्ष एका सत्तेत, खाली नगरपंचायतीत मात्र 'मैत्रीपूर्ण लढत'. त्यात आपल्या लोकांचं शहाणपण असं, की युती दिसावी म्हणून आपल्याच बॅनरवर त्यांच्या साहेबांचा फोटो सगळ्यात मोठा छापला. निकालानंतर चहावाली मावशी म्हणाली, "बाबू, तुमच्या बॅनरवर जे साहेब होते, त्याईचंच बटन दाबलं मी. बराबर केलं ना?" मी हो म्हटलं. आपली एकही जागा आली नाही.

मी नववीत असतानाचा तो दिवस सारखा आठवतो. वरच्या बांधीवाल्यानं आपल्या शेतातल्या धानाचं पाणी अडवलंय, मी फावडं घेऊन धुऱ्यावरून, बांधावरून धावतोय आणि तुम्ही मागून माझं मनगट धरता. "वरच्याशी भांडून पाणी येत नाही, बाबू. पण आपला धुरा कोणाले फोडू द्याचा नाही." तेव्हा तुम्ही मला भित्रे वाटले होते.

आता आपलेच तालुकाध्यक्ष तिच्या बाबांच्या पक्षात जाऊन राहिले. जाताना तुम्ही बांधलेलं हे ऑफिसही त्यांना देतो म्हणाले, आज बोर्ड उतरवायला माणसं येतील. मी किल्ली दिली नाही. सकाळपासून समोर एक पांढरी गाडी उभी आहे. आतले चहा मागवतात, ग्लास परत करतात, उतरत नाहीत. मघाशी तिचा फोन आला.

"तू ऑफिसात हायेस?"

"हो. काहून?"

"घरी जाय. बाबा म्हणत होते, पोट्टा ऐकत नसंल तं मंग पाहू."

"पाहू म्हणजे काय?"

लाईन कटली.

हा कागद कोणत्या पत्त्यावर टाकू? तुमच्या खुर्चीच्या गादीखाली ठेवतो. एवढं एक कोणालाच सांगितलेलं नाही: मोजणीत तिच्या बाबांचं नाव पुकारलं, आपला पक्ष संपला, आणि माझ्या मनात पहिलं हेच आलं, की आता ती हसत असेल. मले बरं वाटलं, बाबा.

गाडीचं दार उघडलं. चौघं उतरले. बोर्ड उतरवायला शिडी लागते, त्यांच्या हातात शिडी नाही. कोपऱ्यात तुमचं फावडं आहे, ते तिथंच राहू देतो. बाहेर पडतो, दार मागून ओढून घेतो, आणि तुमच्या पायरीवर उभा राहतो.