महिरावणाला हाक

नेरे, ता. पनवेल
१६ मार्च २०२६

चि. सौ. वेणूस,

आबाचे पोटभर आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार. इकडे सगळं ठीक. यंदा कैऱ्या बऱ्या धरल्यात. वानरांनी निम्म्या पाडल्या, त्यातल्या चांगल्या वेचून तुझ्या आईने बरणी भरली आहे. मीठ दोनदा पडलंय, तेवढं सांभाळून खा.

घरात फोन असताना म्हाताऱ्याला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं म्हणशील. फोनवर बोलायला लागलो की तुझी आई शेजारी येऊन बसते आणि मग मला हवापाण्यापलीकडे काही बोलता येत नाही. म्हणून पत्र.

तुझ्या ऑफिसातल्या नीताबाईंनी माझा सोंगातला फोटो पाहून विचारलं ना, हा महिरावण कोण आणि त्याच्या नावाचा अर्थ काय? त्यांना सांग, तो रावणाचा पाताळातला नातलग. कुणी भाऊ म्हणतं, कुणी मुलगा. मी जन्मभर त्याचं सोंग घेतलं तरी ते नातं मला उलगडलेलं नाही. रामलक्ष्मणांना झोपेत उचलून त्याने पाताळात नेलं, देवीला बळी द्यायला. मारुती मागोमाग गेला आणि त्याने त्याला मारलं.

मही म्हणजे भुई. देवळात कीर्तनाला येणारे बुवा सांगतात, रावण म्हणजे रडवणारा, तेव्हा भुईला रडवतो तो महिरावण. त्याचा जोडीदार अहिरावण. अहि म्हणजे साप. तुझे आजोबा वेगळंच सांगायचे. "भुईच्या खालशी आरडतो, तो महिरावन. कान लाव, आयकाला येल." मी लहानपणी खरंच खळ्यात कान लावून पडायचो. आवाज कधी आला नाही, मुंग्या मात्र कडकडून चावल्या. त्यावर आजोबा म्हणायचे, "त्याच्याच हायेत त्या."

हनुमान जयंतीच्या सोंगांची आपल्या गावची रीत नीताबाईंना ठाऊक असायची नाही. मुखवटा चढला की त्या माणसाचं खरं नाव कुणी घ्यायचं नाही. मारुतीची गदा लागली की महिरावणाने देवळासमोर पडून राहायचं. मग त्याच्या घरच्या माणसाने पुढे होऊन त्याला खऱ्या नावाने हाक मारायची. हाक आली की तो उठतो आणि मुखवटा उतरतो.

लग्नानंतर ही हाक तुझ्या आईकडे आली. जी बाई घरात मला "अवो" पलीकडे काही म्हणायची नाही, तिने भर गावात नवऱ्याचं नाव घ्यायचं! पहिल्या वर्षी मी मरून पडलो आणि ही पदर तोंडाशी धरून नुसती उभी. मुखवट्यात शिरून माशी माझ्या नाकावर बसलेली. शेवटी तुझी आजी ओरडली, "मार गो हाक, नायतं तो उठाचा नाय, मंग भाकऱ्या कोन खाल?" तेव्हा कुठे हाक आली, तीही चोरासारखी. पुढे मात्र सरावली. वर्षातून एकदाच, पण अशी ठणठणीत "काशिराम!" म्हणायची की पलीकडच्या आळीत ऐकू जावी. तुला खरं सांगतो, मी त्या एका हाकेसाठी सोंग घ्यायचो. मुखवट्याच्या आत माझा चेहरा कुणाला दिसत नव्हता, हे बरं होतं.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. परवा तालीम होती. मी पडलो. रामूकाका, आपला मारुती, म्हणाला, "वयनी, हाक मारा." ती पुढे येऊन माझ्यावर वाकली. मग म्हणाली, "ओ महिरावन, उठा. जेवाची येल झाली." पोरं खो खो हसली. मला उठवेना.

वेणू, तुझ्या आईला माझं नाव आठवत नाही. दिवाळीपासून असं आहे. तू धावत येशील, रडशील, म्हणून बोललो नाही. मी कोण ते तिला कळतं, की आपलं माणूस म्हणून नुसती जेवू घालते, कोण जाणे. पण सकाळी चहा घेऊन येते आणि म्हणते, "घ्या, महिरावन." हसून म्हणते.

रामू ऐकत नाही. "यंदा सोंग दुसऱ्याला देऊ. त्या नावावं उठलास, तं तो तुझ्याबरोबर घरा येल." मी म्हटलं, "येऊ दे. रोज चहा पितोच हाय तो." तिच्या तोंडात माझं एवढं एकच नाव उरलंय. ते पाताळातल्या राक्षसाचं असलं तरी मला गोड लागतं.

हनुमान जयंतीला तू ये. गुरुवार आहे, रजा काढावी लागेल. आईच्या शेजारी उभी राहा आणि तिच्या कानात माझं नाव सांग. तिने घेतलं तर माझ्यासारखा भाग्याचा मीच. ती महिरावण म्हणाली तर हसू नकोस आणि तिला दुरुस्तही करू नकोस, मी त्या हाकेला उठेन. पण ती काहीच बोलली नाही, तर? मला भीती आहे ती याचीच. तेव्हा हाक तू मार. बापाचं नाव घ्यायला जीभ अडखळेल, पण "आबा" म्हणून चालायचं नाही, खरं नाव लागतं. आतापासून मोठ्याने म्हणून बघ.

तुझा,
काशिराम महादेव घरत